चोवीस पटांवरचा हुकूम

"यंदाच्या स्पर्धेत एकही विद्यार्थी हरता कामा नये!" राजेसाहेबांनी हुकूम सोडला आणि वर म्हणाले, "बरोबरीही चालणार नाही. बरोबरी म्हणजे दोघंही अर्धे अर्धे हरले."

आता बोला. सोनजांबच्या राजेसाहेबांनी हौसेनं विद्यापीठ काढलं, त्यात बुद्धिबळ मंडळ काढलं, आणि गेल्या वर्षी मंडळाच्या स्पर्धेत खुद्द युवराजच हरले. दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून राजेसाहेबांच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं.

मंडळाचे प्रमुख, प्राध्यापक दाबके, चाचरत म्हणाले, "सरकार, एकानं जिंकायचं तर दुसऱ्याला हरावंच लागतं. खेळच तसा आहे."

"मग खेळच बंद करू. एक जरी विद्यार्थी हरला, तर मंडळाला कायमचं कुलूप. आणि कोणी मुद्दाम चुकीचं खेळायचं नाही. तसं दिसलं तरी कुलूपच."

दाबके मंडळाच्या दालनात येऊन डोकं धरून बसले. तिथं द्रुपदाबाई केर काढत होती. सतरा वर्षं ती दालन झाडायची, पट मांडायची, आणि काम संपलं की खांबाला टेकून पोरांचे डाव बघत राहायची. दाबक्यांनी तिला हुकूम आणि कुलुपाचं सांगितलं, तशी ती केर काढायची थांबली. या दालनाइतका जीव लावावा असं तिला दुसरं काही नव्हतं.

"मास्तर, हुकूम विद्यार्थ्यांपुरताच आहे ना?"

"हो. म्हणून काय झालं?"

"मग पोरं पोरांशी कशाला खेळवता? चोवीस पोरं, चोवीस पट. समोर एकटे सरकार."

दाबक्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, सरकारांना आजवर कोणी हरवलेलं नाही."

"हरवलं नाही, की हरवायची कुणाची छाती झाली नाही? दिवाणजी त्यांच्याशी खेळायला बसले की स्वतःचा वजीर ताटात वाढून देतात. मी बघितलंय ना."

"आणि आपल्या पोरांची छाती होईल?"

"ते माझ्याकडे लागलं," द्रुपदाबाई म्हणाली आणि उरलेला केर काढू लागली.

दुसऱ्या दिवशी दोघं दरबारात उभे राहिले. दाबक्यांची बोबडी वळलेली, तेव्हा द्रुपदाबाईच बोलली. "सरकार, चोवीस जणांशी एकट्यानं, फिरत फिरत खेळायचं. या मुलखात असं अजून कुणी केलेलं नाही."

राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. दिवाणजी लगेच म्हणाले, "चोवीस काय, सरकार चाळीसांना लोळवतील."

"मागचा हुकूम कायम ना, सरकार?" द्रुपदाबाईनं विचारलं.

"आमचा हुकूम कधी मागे गेलाय? हवा तर भिंतीवर लाव."

स्वतःचं कौतुक ऐकताना माणसाला पुढचं कुठलं दिसतंय! द्रुपदाबाईनं मात्र हुकूम खरोखरच मोठ्या अक्षरांत लिहवून घेतला आणि दालनाच्या भिंतीवर लावला.

स्पर्धेच्या दिवशी सगळं गाव लोटलं. राजेसाहेब एका पटावरून दुसऱ्या पटावर ऐटीत फिरत होते. प्रत्येक पटावर त्यांचा खेळ एकच. दोन प्यादी पुढे, की लगेच वजीर बाहेर. समोरची पोरं नुसती घाम पुसत होती. सातव्या पटावर युवराज बसले होते. वडिलांचा वजीर त्यांच्या घोड्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. युवराजांनी हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

द्रुपदाबाई हुकमाखालीच उभी होती. तिनं झाडूचा दांडा उचलला आणि पहिल्या ओळीवर ठकठक केलं. 'एकही विद्यार्थी हरता कामा नये.'

युवराजांनी एक मोठा श्वास घेतला आणि वजीर मारला.

"अरे, आमचा वजीर!"

"हुकूम आहे, आबासाहेब."

मग काय, पोरांच्या अंगात बळच आलं. जेवणाच्या वेळेपर्यंत चौदा वजीर गेले. दिवाणजींचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. ऊन उतरेपर्यंत चोवीसही पटांवर राजेसाहेबांना मात बसली होती.

राजेसाहेब लालबुंद झाले. "एकदा नाही, चोवीसदा हार झाली इथं. हुकूम मोडला. कुलूप आणा."

द्रुपदाबाई पुढे आली. "कोणता विद्यार्थी हरला, सरकार?"

राजेसाहेबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. एकूण एक पोरगं जिंकलेलं. "पण आम्ही हरलो ना?"

"हजेरीपटावर सरकारांचं नाव दाखवा. कुलूप मी माझ्या हातानं घालते."

राजेसाहेबांची मिशी आधी थरथरली, मग खांदे हलले, आणि मग ते असे खो खो हसत सुटले की पटांवरचे मोहरे डुलायला लागले. डोळे पुसत ते वळले. "दिवाणजी, तुम्हाला आम्ही रोज हरवतो ते कसं हो?"

दिवाणजी छताकडे बघत राहिले.

"कुलूप परत न्या," राजेसाहेब म्हणाले. "या मंडळाला आता कोणी हात लावायचा नाही. द्रुपदा, तुला काय हवं ते माग."

"सतरा वर्षं उभ्यानं डाव बघतेय, सरकार. बसायला एक खुर्ची द्या."

राजेसाहेबांनी स्वतःची मखमली खुर्ची आणवली, तिला तीत बसवलं, आणि स्वतः समोरच्या बाकावर बसून पट मांडला. "हा पंचविसावा डाव. तुझ्याशी."

द्रुपदाबाईनं प्यादं उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "एक विचारू, सरकार? हुकूम विद्यार्थ्यांना आहे. मी पडले झाडूवाली. मग मी हरायचं, की जिंकायचं?"

राजेसाहेबांना पुन्हा हसू आवरेना. "तुला मोकळीक आहे. पण दिवाणजींसारखी खेळलीस, तर खुर्ची काढून घेईन."

"मग वजीर सांभाळा, सरकार," असं म्हणून द्रुपदाबाईनं प्यादं पुढे सरकवलं.