खुरप्याने खणलेला चर

त्या मुलखात शब्द वेलीतून जात असत. वेलीचं टोक तोंडाशी धरून बोलायचं, आणि पलीकडच्याने दुसरं टोक कानाला लावून ऐकायचं, अशी रीत होती. पण वेल ओली, जुनी आणि लांबच लांब. हातोहात पुढे सरकवलेल्या भाकरीसारखा शब्द वाटेत झिजत जाई. वेलीच्या मुळाशी राहणाऱ्यांना पुरती भाकरी मिळे, मधल्यांना तुकडा मिळे, आणि ज्याचं बीळ उताराच्या शेवटी, त्याच्या वाट्याला नुसता कोंडा.

खुरप्या साळिंदराचं बीळ उताराच्या शेवटी होतं.

बिळात तो आणि त्याची म्हातारी आई, दोघंच. बहीण दवणी दोन दऱ्या ओलांडून दिली होती. तिला पिल्लू झाल्याचा निरोप वेलीतून आला, तेव्हा त्यातलं 'पिल्लू' एवढंच कळलं. बाकीची नुसती गुणगुण. पुढे एका कावळ्याने सांगितलं, की पिल्लाच्या कपाळावर पांढरा पट्टा आहे. म्हातारीच्या आईच्या कपाळावर तसाच पट्टा होता. त्या दिवसापासून म्हातारीने एकच धोशा लावला.

"डोळे पुरते जायच्या आत एकदा त्याला बघू दे रे. मग मिटले तरी चालतील."

तिच्या डोळ्यांवर साय धरत चालली होती. भर उजेडात अजून दिसलं असतं, पण पाय गेल्यामुळे ती बिळाबाहेर येत नव्हती, आणि बिळात कायमचा अंधार. खुरप्या तिच्यासाठी कंद आणायचा, पाणी आणायचा. चेहरा कुठून आणणार?

अशात एके दिवशी घाटाखालून काचकोळी आले. ते नदीची वाळू गिळत आणि तिचा केसाएवढा धागा काढत. उंबराखाली सगळा उतार जमला. कोळ्यांतला थोरला आठही पाय नीट जुळवून बसला आणि समजावू लागला.

"वेलीतून शब्द सरपटतो. आमच्या धाग्यातून उजेड धावतो. उजेड आतल्या भिंतीवर आपटतो, परत आत वळतो, पुन्हा आपटतो, पण बाहेर थेंबभर सांडत नाही. म्हणून पहिल्या दाराशी जेवढा, तेवढाच शेवटच्या दाराशी. आवाज तर जाईलच, चेहराही जाईल."

"आणि धाग्याचं दुखणं काय?" म्हाताऱ्या कासवाने विचारलं. त्याला प्रत्येक गोष्टीचं दुखणं आधी विचारायची खोड होती.

"एकच. त्याला दुमड सोसत नाही. सावकाश वळवा, नदीसारखा वळेल. पण मुरगळलात, तर त्या जागी उजेड सांडून जातो आणि पुढे अंधार पोचतो. म्हणून चर खणणारा जाणता हवा. कातणं आमचं, खणणं तुमचं."

सगळ्यांच्या माना खुरप्याकडे वळल्या. त्याच्यासारखी नखं उतारावर कुणाची नव्हती. खुरप्या लाजला. एवढे डोळे एकदम अंगावर आले की त्याचे काटे आपोआप खुळखुळत, आणि त्या आवाजाने तो आणखीच लाजे.

त्या संध्याकाळी शेवरी खार त्याच्याकडे आली. शेवरी उताराची कारभारीण. कुणाचं कुणाशी अडलं, की तीच या झाडावरून त्या झाडावर जाऊन सोडवून यायची. लहानपणी तिचं घरटं वादळात पडलं होतं, तेव्हा एक अख्खा हिवाळा ती याच बिळात, याच म्हातारीच्या कुशीत काट्यांमधून जागा काढून झोपली होती. खुरप्याला ती दादा म्हणे.

"दादा, तू खण," ती म्हणाली. "धागा तुझ्या दारात येईल. दारात काय, आईच्या उशाशी येईल. हा माझा शब्द."

आणि तिने नदीतला एक गुळगुळीत खडा त्याच्या उंबऱ्यावर ठेवला.

उतारावर शब्द असाच दिला जाई. देणाऱ्याने खडा ठेवायचा, आणि शब्द पुरा झाला की चारचौघांदेखत उचलायचा. उचलताना घरधनी गप्प राहिला, की शब्द फिटला. मध्ये कुणी काही विचारायचं नाही. खडा ठेवल्यावर 'कधी' आणि 'कसं' विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं.

"तरी विचार तिला," कासव म्हणालं. "धागा कुठवर येणार, जोडणार कोण, आणि दारात म्हणजे नक्की कुणाच्या दारात."

"काका, खडा ठेवलाय तिने."

"खड्याला तोंड असतं तर मी त्यालाच विचारलं असतं."

खुरप्या हसला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला.

त्याने घाटापासून उंबरापर्यंत खणलं. पळस फुलले आणि गळून गेले. उंबरापासून उतरणीला खणलं. मुरूम लागला, मग खडक लागला. तो कुठेही काटकोनात वळला नाही. दगड आड आला तर लांबून वळसा घेतला, आणि वळण झालं की स्वतः त्यात आडवा पडून बघे. आपली पाठ अवघडली नाही तर धाग्यालाही अवघडणार नाही, असा त्याचा हिशेब होता. नखं झिजत गेली. आधी टोकं गेली, मग धार गेली, मग बोटांच्या कातडीशी आली. घरी आला की तो पंजे पोटाखाली घेऊन बसायचा. अंधारात म्हातारीला तसंही कळत नव्हतं.

उताराच्या शेवटी एक मोठा कातळ निघाला. थोरल्या कोळ्याने पायांनी माप घेतलं. "याला वळसा घातला तर मुरगळ पडेल. सरळ गेलं तर तुमचं बीळ मध्ये येतं."

"आईची जागा जाईल?"

"जागेखालून जाऊ. तिला कळणारही नाही."

खुरप्याला आनंदच झाला. धागा आपल्या पायाने घरात येत होता! त्याने म्हातारीला अलगद बाजूला केलं, तिच्या अंथरुणाखाली चर खणला, आणि पुन्हा बाहेर निघून मोरांच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत नेला.

"आणखी पुढे कशाला?" त्याने एकदाच विचारलं.

"धाग्याला शेवटी सैल जागा लागते, दादा," शेवरी म्हणाली. तेव्हा ती त्याच्याकडे बघत नव्हती, शेपूट विंचरत होती.

धागा अंथरला गेला. चर बुजला.

जोडणीच्या दिवशी उंबराखाली पाय ठेवायला जागा नव्हती. धाग्याची पहिली गाठ, म्हणजे त्यातला उजेड बाहेर काढायची जागा, उंबराच्या ढोलीत होती, आणि शेवरीचं घरही त्याच ढोलीत. ढोली आतून अशी लखलखली, की उंबरं पिकल्यासारखी दिसायला लागली. सशाला त्याच्या घाटाखालच्या मावशीच्या मिशा दिसल्या. तो रडायलाच लागला. ढोलीपासून मग एकेकाच्या दारापर्यंत पांढऱ्याशुभ्र, चकचकीत दोऱ्या सोडल्या गेल्या. शेवरी दारोदार फिरून सगळ्यांना दिलेल्या शब्दाचे खडे उचलू लागली.

खुरप्याच्या दाराशी आली तेव्हा मागे निम्मा उतार होता.

"आला ना उजेड उतारावर?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं आणि खड्याला हात घातला.

खुरप्याला म्हणायचं होतं, की थांब, आधी आईला बघू दे. पण इतके डोळे त्याच्यावर होते. काटे खुळखुळले. तोंडातून शब्द निघाला नाही. शेवरीने खडा उचलला, आणि शब्द फिटला.

त्याने पांढऱ्या दोरीचं टोक म्हातारीच्या डोळ्यांसमोर धरलं. ती श्वास रोखून बसली. काहीच दिसलं नाही. तिने टोक कानाला लावलं.

"गुणगुणतंय," ती म्हणाली. मग त्याला वाईट वाटेल म्हणून पुन्हा म्हणाली, "पण आधीपेक्षा गोड गुणगुणतंय हो."

खुरप्याने दोरी हातात घेतली. केसाएवढी नव्हती ती, बोटाएवढी होती. त्याने दाताने वरचा पांढरा थर खरवडला. चुन्याचा पापुद्रा निघाला. खाली हिरवट, ओली साल होती, आणि सालीवर दातांच्या तीन खुणा. दोन सरळ आणि एक वाकडी. लहानपणी त्याचा एक दात वाकडा होता, आणि वेल कुरतडली म्हणून याच आईने त्याला याच जागी धपाटा घातला होता.

तो उंबराकडे निघाला. शेवरी ढोलीच्या तोंडाशी बसली होती. मागे तिची पिल्लं कुणाच्या तरी चेहऱ्याला खिदळत होती, आणि त्यांच्या तोंडावर उजेड नाचत होता.

"ही जुनी वेल आहे," खुरप्या म्हणाला.

"उंबरापर्यंत धागाच आहे ना, दादा? शेवटची चार पावलं वेल असली म्हणून काय बिघडलं?"

"चार पावलं नाहीत, शेवरे. अख्खा उतार आहे."

"मला लेकरं आहेत. कोळी म्हणाले, गाठ तुझ्या ढोलीत ठेवू, फक्त चर पुरा करून घे. मी काय करायला हवं होतं? आणि खडा उचलताना तू तरी कुठे बोललास?"

खुरप्या एक पाऊल पुढे आला.

"मग मी उंबराच्या पुढे का खणलं?"

शेवरी शेपूट विंचरू लागली. तिची नजर मात्र क्षणभर त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली. खुरप्याने वळून पाहिलं. दिवस कलला होता. मोरांच्या टेकडीवर प्रत्येक झाड आतून लखलखत होतं. मोर पिसारे फुलवून उजेडासमोर उभे होते, आणि दूरदूरच्या टेकड्यांवरच्या मोरांना आपले पिसारे दाखवत होते.

तो घरी आला. म्हातारीला त्याने पुन्हा अलगद बाजूला केलं.

"आता काय रे?"

"काही नाही, आई. अंथरूण नीट करतो."

त्याने खणायला सुरुवात केली. नखं नव्हती, म्हणून बोटांनी खणलं. हातभर खाली धागा लागला. गार आणि काळा. आतून सगळ्या मुलखाचे चेहरे धावत होते, आणि बाहेरून तो नुसता अंधाराचा एक केस होता. खुरप्याने तो दोन्ही पंजांत धरला. सगळा चर त्याने आडवा पडून, पाठ लावून तपासला होता. कुठेही मुरगळ नव्हती.

त्याने धागा दुमडला.

दुमडीतून उजेड सांडला. आधी त्याच्या पंजांवर, मग जमिनीवर, मग बिळाच्या भिंतींवरच्या मुळ्यांवर, छपरावर, म्हातारीच्या अंगावर. दूर टेकडीवर झाडं एकामागून एक विझली आणि मोरांनी एकच कल्ला केला.

म्हातारीने मान वर केली. सायीआडचे डोळे उजेडाकडे वळले.

"दवणी आली का रे?"

दुमड सुटू नये म्हणून खुरप्या पंजे घट्ट धरून बसला होता, त्यामुळे ते पोटाखाली घेता आले नाहीत. म्हातारी सरकत जवळ आली. तिने उजेडात वाकून पाहिलं, त्याचा एक पंजा आपल्या दोन्ही पंजांत घेतला आणि बोटांची टोकं एकेक करून चाचपली.

"खुरप्या," ती म्हणाली, "तुझी नखं कुठे गेली रे?"