नंदिसेनाची परीक्षा

पूर्वी वेत्रवती नगरीत अजितसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व त्याचे महामात्य होते. राजाने त्यांना आज्ञा केली, "प्रत्येक न्यायाधीशाला पारखून पाहा. जो चुकेल त्याला मी देशोधडीला लावीन."

हे कानी आल्यापासून नंदिसेन नावाचा तरुण न्यायाधीश धास्तावला होता. महामात्य न्यायसभेत येऊन कोपऱ्यात बसले. अडखळलो तर अडाणी ठरेन, असे नंदिसेनाला वाटले.

समोर एक नावाडी उभा होता. त्याने प्रवाशाला नदीत ढकलून मारले असा आरोप होता. "पलीकडच्या काठावरून मी डोळ्यांनी पाहिले," असे साक्षीदाराने सांगितले. नावाडी हात जोडून म्हणाला, "स्वामी, तो तोल जाऊन पडला. माझे ऐकून तरी घ्या." नंदिसेनाने ऐकले नाही. झटपट सुळाची शिक्षा फर्मावली.

राजपुरुष नावाड्याला घेऊन गेले. साक्षीदार दाराशी पोचला आणि समोरच्या माणसाला म्हणाला, "कोण उभे आहे? बाजूला व्हा."

"दादा, अरे मीच," त्याचा सख्खा भाऊ म्हणाला.

नंदिसेनाने हे ऐकले. हाताच्या अंतरावरचा भाऊ ज्याला ओळखू येत नाही, त्याला नदीपलीकडचे काय दिसणार? त्याने महामात्यांकडे पाहिले. त्यांची मान खाली होती. नंदिसेन गप्प राहिला तर कोणाला कळणार नव्हते. बोलला तर घरदार सुटणार होते. बाहेर नावाड्याचा आक्रोश दूर जात चालला.

"थांबवा त्याला!" नंदिसेन ओरडला. "माझा निर्णय चुकला."

नावाडी वाचला, पण राजा संतापला. "याला आजच हाकला!"

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, याला हाकलले तर उद्या कोणताही न्यायाधीश चूक कबूल करणार नाही, आणि निरपराध माणसे सुळावर जातील. आपल्या आज्ञेच्या धाकानेच याने घाई केली. याला माझ्या हाती द्या. मी घडवीन. पुन्हा असा चुकला तर त्याच्याऐवजी मला देशाबाहेर काढा."

राजाने मान डोलावली.

बोधिसत्त्वांनी नंदिसेनाला जाणत्या न्यायाधीशांशेजारी बसवले, साक्ष कशी तपासावी ते शिकवले. त्याची भीती पुरती गेली नाही, पण आता ती समोरच्या माणसाच्या जिवासाठी असे. पुढे तो राज्याचा मुख्य न्यायाधीश झाला.

इतके सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, परीक्षेच्या धास्तीने विहार सोडून निघालेल्या वासभ भिक्षूकडे पाहिले. "तो नंदिसेन तूच होतास. राजा म्हणजे तुझे कठोर उपाध्याय, आणि महामात्य मी."

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी मैत्री पारमितेचे, म्हणजे सर्वांविषयीच्या परिपूर्ण सद्भावाचे, आचरण केले.