गेनबानं कल्चर आणलं

एका गावात एक भोळा माणूस होता, गेनबा. भोळा म्हणजे किती? 'जरा दाराकडं बघा' असं बायकोनं सांगितलं, तर मागं मांजर दूध पिऊन जायचं आणि हा दाराकडंच बघत बसायचा.

बायको गोजरा. तिचा भाऊ प्रफुल्ल सहा महिने पुण्यात राहून आलेला, म्हणजे त्याला जगातलं सगळंच कळत होतं. बहिणीकडं जेवायला बसला, गेनबाचे आमटीचे भुरके ऐकले आणि म्हणाला, "ताई, या घरात कल्चरच नाही गं!"

झालं! दहा वर्षं जे नडलं नव्हतं, ते गोजराला त्या दिवशी नडलं. तिनं पिशवी भरली. "घरात कल्चर आणा, मगच येईन," म्हणाली आणि गेली माहेरी.

गेनबाला घर खायला उठलं. गोजरावर त्याचा भारी जीव. तो तडक दूध डेअरीत गेला. "कल्चर आहे का?"

"आहे की." डेअरीवाल्यानं दही लावायची पुडी दिली. "कोमट दुधात सोडायचं, झाकायचं, आणि अजिबात हलवायचं नाही."

दही असं लागलं, की सुरीनं कापावं! गेनबा गाडगं घेऊन सासरी हजर. "घे, कल्चर!"

गोजरानं कपाळावर हात मारला. "अहो, हे दही! कल्चर पाहुण्यारावळ्यांत दिसतं. उद्या माझे मामा येतील तुमच्याकडं, तेव्हा दिसू द्या."

मामा आले. गेनबानं त्यांना उचललं आणि कोमट पाण्याच्या काहिलीत सोडलं. वर घोंगडं झाकलं.

"जावईबापू, हे काय?"

"हलू नका मामा, मोडाल."

मामा चार तास हलले नाहीत. हलणार कसे? घोंगड्याच्या चारी कोपऱ्यांवर दगड होते. बाहेर निघाले ते शिंकतच. "कल्चर रक्तात असावं लागतं, रक्तात! तपासून या एकदा!"

गेनबा तालुक्याच्या लॅबमध्ये गेला. "माझ्यात कल्चर आहे का बघा."

"लघवीचं का?"

शिकलासवरला माणूस, त्याला जास्त कळणार. गेनबानं मान डोलावली.

लॅबवाल्यानं डबी दिली. "पहाटेचा नमुना आणा, मधल्या धारेचा. तीन दिवस ठेवायचा. काही असलं तर उगवतं."

दुसऱ्या दिवशी भरलेली डबी घेऊन निघाला, तर वाटेत प्रफुल्ल. "दाजी, शाळेत कल्चरल प्रोग्रॅम आहे. ताई पिशवी घेऊनच पहिल्या रांगेत बसलीय. आज चारचौघांत कल्चर दाखवा, ती तिथूनच तुमच्या घरी येईल."

स्टेजवर प्रमुख पाहुणे होते, संस्कृतीरक्षक आबासाहेब. संस्कृती म्हणजे काय, यावर ते तासभर बोलले. ती बुडाली, एवढंच लोकांना कळलं. घशाला कोरड पडली तेव्हा कुठं खाली बसले. निवेदक म्हणाला, "आता सादर होईल आपल्या कल्चरचा एक नमुना!"

नमुना! गेनबा उठला. पाहुण्यांना प्लास्टिकच्या डबीत देणं बरं दिसेना. तेवढं कल्चर आता त्याला आलं होतं. त्यानं पितळी फुलपात्र आणलं, त्यात ओतलं, रुमालानं झाकलं आणि जराही न हलवता वर नेलं. कोमट राहावं म्हणून डबी पहाटेपासून काखेतच होती.

आबासाहेबांनी एका दमात संपवलं. मिशा पुसल्या. माईक धरला. "बघा! हे आपलं पारंपरिक पेय! ही चव शहरात मिळेल? हीच, हीच आपली संस्कृती!"

टाळ्यांचा कडकडाट! गेनबाच्या अंगावर शाल पडली. गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पिशवी घेऊन स्टेजपाशी आली. "चला हो, आपल्या घरी."

"पण गेनबाराव, पेय कुठलं हे?" आबासाहेबांनी माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

"घरचंच, साहेब. पहाटेचं. मधल्या धारेचं."

"अस्सं! गाईचं की म्हशीचं?"

"नाही साहेब, माझं."

गोजरानं पिशवी काखेला मारली आणि माहेरची वाट धरली. आबासाहेब दोन्ही हातांनी पोट धरून पांढरेफटक पडले. गेनबाला त्यांची दया आली. त्यानं अंगावरची शाल काढून त्यांच्यावर पांघरली, नीट झाकली आणि म्हणाला, "घाबरू नका साहेब. फक्त हलू नका. तुमच्यात कल्चर असलं, तर तीन दिवसांत उगवेल!"