हलक्या ठोक्याचं नाणं

एका राज्यात भर दरबारात भांडण पेटलं होतं, आणि राजाची आत्या अंबावती काही माघार घेणारी नव्हती.

"आकडा देऊ नकोस, सोनदत्ता!"

"आत्यासाहेब, माझ्या पाटावर आलेलं नाणं आकड्याशिवाय उठत नाही," राज्याचा पारखी म्हणाला.

पाटावर राजकन्या मेखलेचं जन्मनाणं होतं. त्या राज्यात मूल जन्मलं की बाप स्वतः घण उचली आणि मुलाच्या चेहऱ्याचं एक चांदीचं नाणं पाडी. ते तीनदा पारखायचं, दर खेपेला शंभरातला आकडा द्यायचा, असा नेम. मेखलेच्या नाण्यावर धूमाक्ष मांत्रिकाने शाप घातला होता: आकडा कमी, तर मुलगी कमी. पहिल्या पारखीत वीस आले, तिची सावली गेली. दुसऱ्या पारखीतही वीसच, आवाज गेला. आज तिसरी. आज वीस म्हटले की मुलगीच जाणार. ती बापाला बिलगून मुकी बसली होती.

"शंभर म्हण ना, बाबा!" राजा काकुळतीला आला.

"खोटा आकडा फुकट जातो, महाराज. वर पारख्याची जीभ दगड होते."

"होते तर," तराजूवरची साळुंकी म्हणाली. "याच्या आजाची झाली. देवळाच्या पायरीत बसवलीय."

सोनदत्ताचे डोळे भरले होते. "काय करू? नाक पुसट, केस पुसट. एवढी झीज..."

"झीज?" आत्या कडाडली. "कड बघ, बोट कापेल! झिजायला आधी उमटावं लागतं, शहाण्या. तुझे आकडे झिजेचे. हे उमटलंच हलकं."

"मग ती घणाची चूक. चुकीलाही आकडा असतो."

मला विचाराल तर इथे त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. आत्याने तसं केलं नाही. ती एक वाक्य बोलली. पारख्याने आकड्यांची पाटी पालथी घातली आणि नुसतं म्हणाला, "हलका ठोका." तेवढ्याने शाप तुटला. सावली मांजरासारखी मेखलेच्या पायाशी येऊन बसली, पोरगी खळखळून हसली, आणि त्या राज्यात अशा नाण्यांना आजही आकडा लावत नाहीत, फक्त नाव सांगतात. आत्याचं वाक्य ते एवढंच:

"अरे, ऐरणीशेजारी लेक झोपली होती, तिची झोप मोडू नये म्हणून बापाने घण हळू टेकवला, त्या हाताला किती देतोस, बोल!"