पळपुटीची घंटा

त्या माळावरच्या मेंढरांना आभाळ ठाऊक नव्हतं. मान खाली घालायची, पुढचीच्या शेपटावर डोळा ठेवायचा आणि नाकासमोर चालायचं, एवढाच तिथला धर्म. ऊन चढलं की पुढचीच्या पोटाखाली डोकं खुपसून उभं राहायचं. रोज संध्याकाळी सगळ्यांत पुढची रांग कड्यापलीकडच्या हिरव्या कुरणात जाई. परत कुणी येत नसे. "तसलं गवत सोडून येईल कोण?" असं म्हातारा एडका सांगे. तो स्वतः मात्र कड्याशी बाजूला उभा राहून वाट दाखवी. मोठा त्यागी जीव, दुसरं काय.

रांग सोडणारीला त्यांच्यात एकच शब्द होता, पळपुटी. कोकरू ऐकेना की आया म्हणत, "थांब, पळपुटी येईल हं." खरीखुरी पळपुटी कुणी पाहिलेली नव्हती, त्यामुळे शब्दाचा धाक टिकून होता.

बांडी ही त्यातलीच एक गरीब मेंढी. उद्या तिचं कोकरू पुढच्या रांगेत जायचं होतं. त्या कौतुकात तिनं मान वर करून पलीकडे बघितलं, तर कुरण नव्हतंच. कड्याखाली नुसते धोंडे होते. काटेरी झुडपाला तिच्या बहिणीची तांबडी लोकर अडकली होती, आणि वर गिधाडं फिरत होती.

तिनं शेजारच्या राणूला सांगितलं. राणू म्हणाली, "मान वर केलीस? लाज नाही वाटली?"

बांडी कोकराला घेऊन रांगेबाहेर पडली. एडक्याच्या मानकऱ्यांनी तिला गाठून गळ्यात लोखंडी घंटा बांधली. घंटा वाजली की सगळ्यांनी पोरं लपवावीत, असं ठरलं. एडका गोडीत म्हणाला, "चुकले म्हण, मान खाली घाल. लगेच काढतो."

सारा कळप पाठ फिरवून उभा होता. बांडीला रडू फुटलं, पण ती म्हणाली, "राहू द्या गळ्यात. पळपुटी कशी असते, ते पोरांना दिसेल तरी."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती कड्यापासून दूर, माळाच्या उतारावर उभी राहून मान हलवून घंटा वाजवी, आणि मेंढरं डोकी आणखी आत खुपसत.

मग एका संध्याकाळी दाट धुकं उतरलं. पुढचीचं शेपूट दिसेना, तशी रांग जन्मात पहिल्यांदा थांबली. "या, पुढे या," एडका कड्यावरून बोलावत होता. त्या दिवशी पुढच्या रांगेत राणूचं कोकरू होतं. राणूनं मान वर केली आणि जीव तोडून हाक मारली, "बांडे, कुठंयस गं?"

उतारावरून घंटा वाजली.

धुकं विरलं तेव्हा एडका कड्यावर वाट दाखवत एकटाच उभा होता. खाली उतारावर कोकरांनी बांडीला घेरलं होतं. गळ्यातल्या घंटेला लोंबकळत ती आपसांत भांडत होती, "आज पळपुटी मी होणार."