रडणाऱ्याचं पागोटं

एका गावात एक विहिरी खोदणारा होता. त्या गावात पुरुष रडत नसत. पुरुषाच्या देहात रडू नसतंच, असं जाणती मंडळी सांगत आणि पोरं ते पाठ करत. कोणी रडलाच, तर पारावर त्याचं पागोटं उतरवत. मग त्या बोडख्या माणसाला गावात कोणी काम देत नसे.

एके दिवशी पाटलाच्या मळ्यात विहीर खोदताना दरड कोसळली. वीस वर्षं बरोबरीने कुदळ मारणारा त्याचा जोडीदार खाली गाडला गेला. त्याने नखांनी माती उपसून जोडीदाराला वर काढलं, पण जीव गेला होता. तिथेच, सगळ्यांसमोर, तो ओक्साबोक्शी रडला.

तिसऱ्या दिवशी पारावर पंच बसले. पाटील तसा मनाने वाईट नव्हता. त्याने वाट दाखवली: डोळ्यांत माती गेली होती एवढंच म्हण, पागोटंही राहील आणि कामही. विहिरीवाल्याच्या घरी खाणारी पाच तोंडं होती. शब्द त्याच्या ओठांवर आलाही. पण तसं म्हटलं, तर त्याचा जोडीदार डोळ्यातली माती ठरणार होता. ते काही त्याला सोसेना.

"माती रोजच जाते, पाटील," तो म्हणाला. "त्या दिवशी मी रडलो."

आणि त्याने आपल्याच हातांनी पागोटं काढून पुढे ठेवलं.

पाटील चिडला. आमच्या गावच्या पुरुषांच्या रक्तात रडणं नाही, असं त्याने बजावलं. तेव्हा बायकांतून गावची म्हातारी सुईण काठी टेकत उठली.

"रक्ताचं मला सांगू नकोस, पाटला. इथले सगळे माझ्या हातांत टाहो फोडतच आले. एक तूच तेवढा रडत नव्हतास. निळा पडला होतास. पाठीवर चापट मारून रडवला, म्हणून आज इथे बसलायस."

कोणी हसलं नाही. मेलेल्या जोडीदाराचा बाप तीन दिवस अन्नाला न शिवता कोरड्या डोळ्यांनी बसून होता. तो उठला, पागोटं काढलं, पोराचं नाव घेतलं आणि हमसून हमसून रडला. त्याच्यामागून आणखी एक उठला, मग तिघे.

सांजेपर्यंत पाटलापुढे पागोट्यांचा ढीग झाला. मळ्यातली अर्धवट विहीर त्याला बोडख्या माणसांकडूनच पुरी करून घ्यावी लागली.

तात्पर्य इतकंच: रडू माणूस आईच्या पोटातून आणतो, ते गिळायला त्याला गाव शिकवतं. आणि गावाने शिकवलेलं मोडायला आधी कोणातरी एकट्याला पागोटं काढावं लागतं.