अडकलेली सुई

चीन देशात, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या गावात, एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. शरीरावरील नेमक्या बिंदूंवर बारीक सुया टोचून वेदना शमवण्याची विद्या त्यांना अवगत होती. त्यांचा शिष्य सहा वर्षे त्यांच्यापाशी शिकत होता. मेणाच्या पुतळ्यावर त्याचा हात कधी चुकला नव्हता. परंतु जिवंत माणसाला सुई टोचण्याची पाळी त्याच्यावर त्या सकाळी प्रथमच आली.

रोगी होता चहाची ओझी पाठीवर घेऊन घाट चढणारा एक हमाल. त्याची कंबर धरली होती. पालथा निजता निजता त्याने विचारले, "पलीकडच्या गावात एकाच्या पाठीत सुई मोडली म्हणतात. तो पुन्हा उभाच राहिला नाही. खरं का हो?"

"लोक काहीही बोलतात," शिष्य म्हणाला. पण ती हकिकत त्यानेही ऐकली होती.

सुई कंबरेत नीट उतरली. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी हातून हंडा पडला. हमाल दचकला आणि त्याची पाठ लाकडासारखी ताठ झाली. शिष्याने सुई फिरवून पाहिली, फिरेना. वर ओढली, तर कातडीच तिच्याबरोबर उचलली गेली.

"काय झालं?" हमालाने विचारले.

"काही नाही."

त्याने पुन्हा ओढली. हमाल कण्हला. सुईची दांडी किंचित वाकली. मोडली तर आतला तुकडा काढायचा कसा? हा माणूस जन्माचा अंथरुणाला खिळला तर? शिष्याने गुरूंना हाक मारली, ती त्याची त्यालाच परकी वाटली.

वैद्य आले. त्यांनी शिष्याला हात काढायला लावला आणि हमालाला सांगितले, "सुई अडकली आहे. तुमच्या स्नायूने ती धरून ठेवली आहे. कधीकधी असं होतं. निघेल, पण घाई चालणार नाही."

शिष्याला वाटले, हे रोग्याला सांगायचे? तोच वैद्यांनी दुसरी सुई घेतली आणि पहिलीपासून दोन बोटांच्या अंतरावर टोचली. एक निघत नसताना आणखी एक! मग ते खाली बसले आणि हमालाला घाटातल्या बर्फाविषयी विचारू लागले. तो आधी तुटक बोलला. हळूहळू खिंडीतल्या वाऱ्याबद्दल, पाय घसरून दरीत गेलेल्या खेचराबद्दल सांगू लागला. शिष्य भिंतीला टेकून उभा होता.

बऱ्याच वेळाने वैद्य म्हणाले, "आता काढ."

शिष्याने अडकलेली सुई दोन बोटांत धरली. ती अलगद बाहेर आली. सबंध होती. मग त्याने दुसरीही काढली.

हमाल उठून अंगरखा घालू लागला, तेव्हा वैद्यांनी शिष्याला बाजूला घेतले. "त्याच्या देहाने सुई वैराने धरली नव्हती, भीतीने धरली होती. भ्यालेल्या मुठीतली वस्तू ओढली की मूठ अधिकच आवळते. दुसऱ्या सुईने स्नायूचा ताण विभागला गेला. बाकीचं काम त्याच्या बोलण्याने केलं."

"गुरुजी, आपल्याला भीती वाटली नाही?"

"वाकलेली दांडी पाहिली तेव्हा वाटली. म्हणून तर त्या सुईला हात लावला नाही."

शिष्य हमालापाशी गेला. "मी तुमच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "सुई तेव्हाच अडकली होती."

"मला कळलं होतं," हमाल म्हणाला. "तुमचा हात बर्फासारखा गार पडला होता. तुम्ही 'काही नाही' म्हणालात, तेव्हाच मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही."

तीन दिवसांनी तो पुन्हा आला. शिष्याने सुई उचलली आणि क्षणभर थांबून म्हणाला, "आज मला थोडी भीती वाटते आहे."

"मलाही," असे म्हणून हमालाने एक लांब श्वास सोडला, आणि त्याची पाठ सैल झाली.